तूर पेर म्हणालो होतो

११ जून, दिल्ली

खात्यात दुसरा दिवस. खुर्चीवर पांढरा टॉवेल, टेबलावर तीन फोन. त्यातला कुठला कशाचा हे अजून कळलेलं नाही. देशाचा कृषिमंत्री म्हणून आत्तापर्यंत दोन रोपं लावली आणि एक फीत कापली.

सकाळी दादाचा फोन. मोठा भाऊ, आमच्या औशाकडच्या शेताचा खरा मालक तोच, माझं फक्त नाव लागलंय. शपथेच्या दिवशी त्यानं ‘बाळ्या, जेवलास का’ एवढंच विचारलं होतं. आज म्हणाला, “बाळ्या, औंदा काय पेरावं? सोयाबीन का तूर?”

आयुष्यात पहिल्यांदा दादानं मला शेतीतलं विचारलं. एरवी माझं मत तो चपलेसारखं उंबऱ्याबाहेर ठेवतो. छाती फुगली माझी. म्हणालो, “तूर पेर. मी बसलोय इथं.”

जोशी समोर कागद घेऊन उभा. पीए, जिल्हा परिषदेपासून माझ्या मागे आहे. त्यानं चष्मा काढून पुसला. काही पटलं नाही की तो चष्मा पुसतो. मी लक्ष दिलं नाही.

२२ जून, औसा

सत्कार. जेसीबीतून फुलं उधळली, डोळ्यात पाकळी गेली, अजून चुरचुरतंय.

भाषणात सगळ्यांनी काट्याची गोष्ट सांगितलीच. मी चोवीस वर्षांचा. बाजार समितीत पोत्यामागे अडते कडता कापायचे, म्हणजे माल आपला आणि वजन त्यांचं. एक दिवस मी सरळ वजनकाट्यावर जाऊन बसलो. कडता बंद होईपर्यंत उठणार नाही. सकाळपासून दिवस कलेपर्यंत बसलो. लघवीलासुद्धा उठलो नाही, हे कोणी भाषणात सांगत नाही. दादा गाडीबैल घेऊन आला आणि काट्यावरच भाकरी दिली. तिथून माझं राजकारण सुरू झालं. सरपंच, जिल्हा परिषद, समितीचा सभापती, एकदा आमदारकीला आपटलो, दोनदा निवडून आलो, मग खासदार. आता हे.

बोलायला उठलो तर गर्दी शेवटच्या बोळापर्यंत. तोंडातून निघून गेलं: “मी खुर्चीवर असेपर्यंत हंगामात बाहेरची तूर या देशात उतरू देणार नाही.” टाळ्या थांबेनात. मीही थांबवल्या नाहीत.

गावातल्या दहाजणांनी तरी नंतर सांगितलं की तुमच्या शब्दावर तूरच पेरतोय. दादा मंडपाच्या मागच्या बांबूला टेकून उभा होता. वर ये म्हटलं तर आला नाही.

९ ऑगस्ट, दिल्ली

आज कळलं. उशिराच कळलं म्हणायचं. तूर आणायची की नाही, हे माझ्या खात्यात ठरतच नाही. ते ठरतं व्यापाराच्या खात्यात, पैशाच्या खात्यात. माझ्याकडून फक्त अभिप्राय मागवतात. सचिवबाई फार चांगल्या. पोराला पाढे शिकवावेत तसं समजावलं. कृषिमंत्र्याकडे शेती असते, शेतमाल नसतो.

सभापती होतो तेव्हा मापाडी मला विचारल्याशिवाय काट्याला हात लावत नव्हता.

सुमनला दिल्ली मानवत नाही. तिचं माहेर लोहा. शेजारपाजाराशिवाय तिला जेवण जात नाही. बंगला एवढा मोठा की मला हाक मारायला तिला फोन करावा लागतो. आचारी भाकरी करतो ती पापडासारखी. मी खातो. ती खात नाही.

१४ ऑक्टोबर, मुदखेड–नांदेड

मुदखेडला फुलशेतीवाल्यांचा मेळावा. मोगऱ्याचा हार एवढा जड की मान वाकली. नांदेडला विश्रामगृहात दादा भेटायला आला. सोबत तुरीची एक फांदी, फुलांनी भरलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “कमरंच्या वर गेलीय. शिवारात सगळी पिवळी पिवळीच हाय.”

लई बरं वाटलं त्याला. मी फांदीकडे बघत बसलो. त्याला खात्याचं काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण त्याच्यासमोर कमीपणा घ्यायला जमत नाही मला, मंत्री झाल्यापासून तर…

१९ नोव्हेंबर, दिल्ली

फाईल आली. बिनशुल्क तूर आणायची मुदत एक वर्षानं वाढवायची. खात्याचा अभिप्राय द्या.

बसून स्वतः लिहिलं. आधी मराठीत, खाडाखोड करत, मग जोशीनं इंग्रजी केलं. पीक शेतात उभं असताना बाहेरचा माल आणणं म्हणजे पेरणाऱ्याच्या पाठीत मारणं, असं लिहिलं होतं. जोशीनं ‘पाठीत मारणं’ काढून काहीतरी सभ्य घातलं. हरकत मात्र स्पष्ट. खाली माझी सही. काट्यावर बसलो होतो त्या दिवसासारखं वाटलं आज. बऱ्याच वर्षांनी.

२७ नोव्हेंबर

बोलावणं आलं. ज्यांच्या खात्यात हे ठरतं ते. इथं त्यांना मोठे साहेब लिहितो. काजू पुढे केले, गावाची चौकशी केली, माझ्या भाषणाची चित्रफीत पाहिली म्हणाले. मग म्हणाले, सरकारात एका खात्यानं दुसऱ्याविरुद्ध लेखी हरकत घेतलेली बरी दिसत नाही. ती टिपणी मागे घ्या. आदेश होळीपर्यंत निघत नाही, हा माझा शब्द. तोवर तुमचा माल विकून होईल.

मी हात पुढे केला. त्यांनी हातावर हात मारला. सौदा झाला.

गाडीत जोशी म्हणाला, “साहेब, लिहून घ्यायला पाहिजे होतं.” मी त्याला झापलं. आमच्याकडे बैलबाजारात, आडतीत, हातावर हात पडला की संपलं. मग भाव चढो की पडो. फिरणाऱ्याला पुढच्या बाजारी कोणी चहा विचारत नाही. तू मास्तराचा पोरगा, तुला काय माहीत, असंही बोललो. तसं बोलायला नको होतं. त्यानं चष्मा पुसला.

दुपारी टिपणी मागे घेतली. ‘हरकत नाही’ अशी नवी गेली.

दादाला फोन केला. होळीपर्यंत काळजी नाही म्हणालो. “तू हायस म्हणल्यावर काय,” म्हणाला.

१२ डिसेंबर

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावी जाता येणार नाही. बजेटच्या बैठका. जन्मात एकही येळवस शेताबाहेर काढलेली नाही. आमदारकीला पडलो त्या वर्षीसुद्धा रानात दादाच्या कडब्याच्या कोपीत बसून शेंगांची भज्जी खाल्ली होती. त्या दिवशी औसा काय, लातूर काय, सगळी माणसं रानात. गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळखीचा असो नसो.

मग डोक्यात आलं की इथंच करू. बंगल्याच्या हिरवळीवर. दादाला म्हटलं कडबा पाठव कोपीला, भज्जीला पावट्याच्या, हरभऱ्याच्या, तुरीच्या शेंगा पाठव.

“रान न्हाई तर येळवस कशाची रे बाळ्या? इथं तुज्या वाटचं पान वाढून ठिवतो की.”

पण पाठवतो म्हणाला. कोपीत पूजायचे पाच दगड मात्र पाठवणार नाही. लक्ष्मीचे दगड शेत सोडून जात नसतात.

३० डिसेंबर

हे नीट लिहायला पाहिजे.

कोप झकास झाली. सुमननं पहाटेपासून भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे केले, आंबील आधीच घातली होती. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा उजळला होता. दगड नव्हते म्हणून माळ्यानं कुंडीतले पाच गोटे आणून दिले, त्यांना चुना-काव लावली. खासदार आले, अधिकारी आले, टीव्हीवाले आले. भज्जी चमच्यानं खाल्ली लोकांनी. एक बाई म्हणाल्या, हे सूप फार छान आहे.

मी घोंगडं पांघरलं, आंबिलाचं मडकं घेतलं आणि कोपीभोवती शिंपडत फिरलो. तोंडानं येळवशीची आरोळी, ‘ओलगे ओलगे सालम पलगे’. लहानपणी दादामागून फिरायचो तसा. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मीही रंगात आलो, आणखी एक फेरी मारली.

साडेचारला जोशी आला. हातात मोबाईल. मान खाली. आदेश निघालाय, साहेब. एका वर्षाची मुदतवाढ.

मडकं माझ्या हातातच होतं.

३१ डिसेंबर

पेपरात दोन्ही शेजारी. एका बाजूला आदेशाची बातमी, दुसऱ्या बाजूला मी, घोंगडं, मडकं, दात दिसतायत. फोटोखाली काय लिहिलंय ते इथं उतरवत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर याहून वाईट लिहिलं असतं.

मोठ्या साहेबांना तीन फोन. चौथा घेतला. म्हणाले, परिस्थिती बदलली, शहरात डाळ महाग होऊन चालत नाही, तुम्ही समजून घ्या. मी म्हणालो, हातावर हात मारला होता. “कसला हात?” म्हणाले. त्यांना खरंच आठवेना. हे मला शिव्यांपेक्षा लागलं.

आणि कागदावर काय राहिलं? कृषी खात्याची हरकत नाही. सही माझी. मी हे इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो की कागद सोडू नका.

६ जानेवारी

दादानं फोन केला नाही. मीच केला. तूर काढायला आली. भाव रोज उतरतोय, हे तो बोलला नाही. आडतीतून मला कळत होतंच. मी सगळं सांगितलं, शब्द, हात, टिपणी. त्यानं ऐकून घेतलं.

“फोटू बगितला,” म्हणाला. “गावातल्या पोरांनी दाखिवला.” आणि मग: “कडबा आपला होता, वळखला मी.”

फोन ठेवला.

२ फेब्रुवारी, लोहा

सुमनच्या माहेरगावी कार्यक्रम. गर्दी बरी, पण खुर्च्यांवर माझेच कार्यकर्ते. भाषण चालू असताना एक म्हातारा पायऱ्या चढून आला. पोलीस पुढे झाले, मी थांबवलं. त्यानं धोतराच्या सोग्यातून मूठभर तूर काढली, माझ्या ओंजळीत ठेवली, ओंजळ त्याच्या हातांनी मिटली.

“साहेब, काट्यावर बसा की आता.”

एवढंच. रागानं नाही. खरंच विनंती केल्यासारखं. आणि उतरून गेला.

भाषण पुढे काय केलं आठवत नाही. तूर खिशात आली. आत्ता टेबलावर आहे. दाणा चांगला आहे, टपोरा.

३ फेब्रुवारी

राजीनामा लिहिला. चार ओळी. जोशीनं टाईप केला, चष्मा न पुसता. सुमन म्हणाली, “द्या. घरी जाऊ.”

११ फेब्रुवारी

दिला नाही. जिल्ह्यातले कार्यकर्ते येऊन बसले. कुणाची कामं अडलीत, कुणाच्या पोराची बदली. आत राहून भांडा म्हणतात. पक्षातून निरोप आला, मोठं मन ठेवा.

पण ही सगळी दुसऱ्यांच्या नावावर खपवलेली कारणं झाली. रोजनिशीत तरी खरं लिहावं. मला ही गाडी आवडते. विमानतळावर लोक उठून उभे राहतात ते आवडतं. औशाच्या शाळेत हेडमास्तरांनी मला पट्टीनं मारून ‘नांगरच धरशील’ म्हटलं होतं, त्यांच्या मुलाला मी परवा भेटीसाठी तासभर बाहेर बसवलं. तेही आवडलं. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात. माझं उलट आहे. पीळ गेला, सुंभ तेवढं राहिलंय.

सुमन महिनाभर लोह्याला राहते म्हणाली.

२० एप्रिल, दिल्ली

जोशी गावी जाऊन आला. दादानं तूर विकलेली नाही. मधल्या खोलीत पोती रचलीत, वर कडुनिंबाचा पाला. विकली तर लोक म्हणतील मंत्र्याच्या भावाला भाव मिळाला, न विकली तर कीड लागतेय. सरकारी केंद्रावर त्याचा नंबर आधी लावून देतो, असा निरोप तिथल्या माणसानं दिला होता. दादानं त्याला पाणी पाजून परत पाठवलं.

पारावर त्याच्याजवळ कोणी बसत नाही, असं जोशी म्हणाला. नको तिथं खरं बोलायची सवय आहे याला. मी विचारलंच होतं म्हणा.

१७ जून

पेरण्या सुरू. दादाचा फोन येईल म्हणून दिवसभर खासगी मोबाईल टेबलावर ठेवला. नाही आला. संध्याकाळी मी केला.

“काय पेरलं औंदा?”

“पेरलं.”

“तूर का…”

“पेरलं म्हणलं की बाळ्या.”

जोशीकडून कळलं, सोयाबीन आणि बांधाला चार ओळी तूर, घरच्या वरणापुरती. माझ्या शेतात काय आहे हे मला जोशीनं सांगावं.

८ डिसेंबर

तीच फाईल. तोच विषय, आणखी एक वर्ष. या वेळी सचिवबाईंनी अभिप्राय आधीच तयार करून आणला. ‘या खात्याची हरकत नाही.’ फक्त सही. म्हणाल्या, सर, तुम्ही विरोध लिहिलात तरी निर्णय तोच होणार आहे. खोटं काही बोलल्या नाहीत.

पेन उघडलं. बंद केलं. गावाहून आल्यावर करतो म्हणालो. मसुद्याची एक प्रत घडी घालून खिशात ठेवली, कशाला कोण जाणे. राजीनामाही अजून टेबलाच्या कप्प्यातच आहे. कागद पिवळा पडत नाही हल्ली लवकर.

१८ डिसेंबर, नांदेड

सुमन विमानतळावरून परस्पर लोह्याला गेली, भावाच्या शेतावर. मी औशाला जाणार. पोलीस साहेब म्हणाले, शिवारात जाऊ नये, लोक चिडलेत, काळे झेंडे होतील. जोशीही तेच म्हणाला. मी म्हणालो, येळवशीला कोणी कोणाला काळे झेंडे दाखवत नसतं.

१९ डिसेंबर, औसा

काळे झेंडे नव्हते. काहीच नव्हतं.

गाड्या डांबरी रस्त्यावर थांबवल्या. ड्रायव्हर, पोलीस, जोशी, सगळ्यांना तिथंच राहा म्हटलं. आमच्या शेतापर्यंत सहा शेतं ओलांडावी लागतात. पूर्वी ही सहा शेतं ओलांडायला मला तीन तास लागायचे. प्रत्येक कोपीतून हाक, प्रत्येक ठिकाणी दोन घास खाल्ल्याशिवाय सुटका नाही. दादाच्या पानावर बसायचो तेव्हा पोटात जागा नसायची आणि तो शिव्या द्यायचा.

आज दहा मिनिटांत गेलो.

माणसं होती. कोपी होत्या, भज्जीचा वास होता, ज्वारी निसवलेली, पोरं हुंदडत होती. पहिल्या शेतात माझ्याबरोबर शाळेत असलेला माणूस बसला होता. त्यानं पाहिलं आणि भाकरी मोडत राहिला. दुसऱ्यात पाठी वळल्या. चौथ्या शेतात एक सून हात उंच करून हाक मारायला लागली, “ओ, या जेवाय…” आणि सासूनं तिचा हात खाली ओढला. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं मग. पदर ओढून पातेल्याकडे वळली.

शिवी दिली असती तरी चाललं असतं. येळवशीला बांधावरून जाणारा माणूस न जेवता जातो, असं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

आमचा बांध आला. दादाच्या कोपीत दहा-बारा माणसं जेवत होती. म्हणजे त्याच्याकडे लोक पुन्हा येऊ लागले होते. हे बघून बरं वाटलं, आणि ते का येऊ लागले असतील हेही लगेच समजलं: त्यानं मला सोडलं म्हणून. पंगत थांबली. सगळे दादाकडे बघायला लागले. त्याच्या हातात आंबिलाचा गडू. केस पार पांढरे झालेत. मी बांधावरच उभा राहिलो. आपल्याच शेतात पाय टाकायचा की नाही, ते कळेना.

दादा दोन पावलं पुढे आला.

“या, पाव्हणं,” म्हणाला. “बसा जेवाय. आजच्या दिवशी वाटसरूला उपाशी धाडत न्हाईत आमच्यात.”

पंगतीत कोणी हसलं नाही. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी बोललो असतो.

बसलो. पत्रावळ आली. भज्जी, उंडा, भात, खीर, सगळं त्यानं स्वतः वाढलं, व्यवस्थित, पाहुण्याला वाढतात तसं, पुरे म्हटलं तरी आणखी एक वाढा. कोपीत पाच दगड होते, चुन्यानं रंगवलेले, बापाच्या वेळचे. मी जेवलो. पान टाकलं नाही. लोक एकेक करून उठून गेले.

दोघंच राहिल्यावर खिशातला कागद काढला. इंग्रजीत आहे, त्याला वाचता येत नाही. काय आहे ते सांगितलं. सही केली तरी तूर येणार, नाही केली तरी येणार. फक्त केली तर कागदावर माझं नाव राहील, नाही केली तर खुर्ची जाईल. आणि विचारलं. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यानं मला विचारलं होतं, तसंच विचारलं. “दादा, काय करू?”

त्यानं कागद उलटासुलटा पाहिला. घडी घालून माझ्या हातात दिला.

“तुमच्यातलं आम्हाला काय कळतं,” म्हणाला.

तुमच्यातलं. साठ वर्षांत पहिल्यांदा.

निघताना त्यानं मोठा डबा भरून दिला, भज्जी आणि उंडे. “तुमची माणसं रस्त्यावर उपाशी असतील.” डबा घेऊन पुन्हा सहा शेतं. या वेळी कोणाकडे पाहिलं नाही मी.

ड्रायव्हर आणि पोलीस पोटभर जेवले. भज्जी फार चांगली झाली होती असं सगळे म्हणाले. जोशीनं डबा हापशावर धुऊन घेतला आणि विचारलं, परत कसा करायचा. “पाहुण्यांचा डबा आहे, नेऊन द्यायला पाहिजे,” मी म्हणालो.

कागद खिशात आहे. उद्या दुपारचं विमान आहे.